यंत्राची स्मृती आणि तिचा ताळा

दिवाळी जवळ आली की घरात फराळाचे डबे भरू लागतात आणि दुकानांतून नव्या चोपड्यांची चाहूल लागते. लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी व्यापारी नव्या चोपडीला हळदकुंकू वाहतो. त्या आधीचे काही दिवस मात्र तो जुन्या चोपडीशी झुंजत असतो, कारण ताळा जमल्यावाचून खाते पुढे ओढावयाचे नाही असा त्याच्या घरचा जुना रिवाज आहे.

हा ‘ताळा’ आमच्या पिढीला शाळेतच भेटला. ३४७ ला २६ ने गुणून ९०२२ असे उत्तर पाटीवर लिहिले की गुरुजी विचारीत, “ताळा पाहिलास का?” मग नऊ टाकीत टाकीत आम्ही अंकांची बेरीज करीत असू. ३४७ चे उरले ५, २६ चे ८, पाच आठे चाळीस म्हणजे ४. इकडे ९०२२ चेही ४. जमले! पण याच ९०२२ ऐवजी कोणी ९२०२ लिहिले तरीही ताळा ४ च येतो. ताळा चूक पकडतो, पण प्रत्येक चूक पकडतोच असे नाही. हे लहानसे सत्य वाचकांनी ध्यानात ठेवावे, कारण पुढे एका अगदी निराळ्या क्षेत्रात ते पुन्हा भेटणार आहे.

मला लिहावयाचे आहे ते संगणकाच्या स्मृतीविषयी. आमच्या भाईंदरच्या घरी २००४ साली घेतलेला एक टेबलावरचा संगणक आहे. पांढऱ्याचा पिवळट झालेला त्याचा डबा कोणीही भंगारात देण्याची शिफारस करील. परंतु त्याच्या पोटात एक ठेव आहे. माझ्या थोरल्या बहिणीने २००६ च्या उन्हाळ्यात आईला समोर बसवून तिच्या जात्यावरच्या ओव्या एकेक करून टंकल्या. आई पुढे दोन वर्षांनी गेली. त्या ओव्या तिने तिच्या आईकडून घेतल्या होत्या, तिने आणखी कोणाकडून; कागदावर त्या कधी उतरल्याच नव्हत्या. तोंडातून त्या थेट या डब्यात गेल्या आणि अनेक वर्षे तेथेच राहिल्या.

गेल्या वर्षी पावसाळ्याच्या अखेरीस हा डबा भ्रमिष्टासारखे वागू लागला. कधी चालू होताना लांबलचक शिट्या घाली. कधी चालता चालता निळा पडदा टाकून मोकळा होई, आणि त्या पडद्यावरचे कारण दर खेपेस निराळे असे. जुनी छायाचित्रे उघडली की त्यांच्या मध्यावर जांभळे पट्टे दिसत. तीच छायाचित्रे पुन्हा उघडली की पट्टे नाहीसे! दुरुस्ती करणाऱ्या एका गृहस्थांनी यंत्राकडे लांबूनच पाहिले आणि “मदरबोर्ड गेला, नवीन घ्या” असा निकाल दिला. मला तो पटेना. ज्याचे म्हणणे दर वेळी बदलते, त्याच्या मेंदूपेक्षा त्याच्या आठवणीविषयी आधी संशय घ्यावा, असे मला वाटले. म्हणून यंत्राच्या आठवणीचा इतिहास वाचावयास घेतला, आणि वाचता वाचता एका मोठ्या मनोरंजक प्रांतात जाऊन पोचलो.

यंत्राने एखादी गोष्ट लक्षात ठेवावयाची म्हणजे काय करावयाचे, हा प्रश्न पहिल्या कारागिरांना फार छळीत होता. १९४९ साली इंग्लंडात केंब्रिज येथे एडसॅक नावाचे यंत्र सुरू झाले. त्याची स्मृती पाऱ्याने भरलेल्या लांब नळ्यांत होती. नळीच्या एका टोकाशी ध्वनीचा ठोका द्यावयाचा. तो पाऱ्यातून प्रवास करीत दुसऱ्या टोकाशी आला की त्याला पुन्हा पहिल्या टोकाकडे धाडावयाचे. आठवण म्हणजे न थांबणारी घोकंपट्टी! त्यानंतर आली लोहचुंबकी कड्यांची स्मृती. मोहरीएवढ्या काळ्या कड्या बारीक तारांत ओवून त्यांचे जाळे विणावयाचे. कडी एका दिशेने चुंबकित झाली तर ‘एक’, उलट दिशेने झाली तर ‘शून्य’. अमेरिकेत १९५३ साली व्हर्लविंड यंत्रात ही युक्ती प्रत्यक्ष कामाला लागली.

आणि येथे अभिमानाने सांगावयाची गोष्ट अशी की, ही कड्यांची स्मृती आपल्या मुंबईतही लवकरच अवतरली. टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील तरुण मंडळींनी, रंगास्वामी नरसिंहन् यांच्या नेतृत्वाखाली, एक संपूर्ण गणकयंत्र येथेच बांधले. ते १९६० च्या फेब्रुवारीत रीतसर कामाला लागले. १९६२ साली पंडित नेहरूंनी त्याला ‘टिफ्रॅक’ असे नाव दिले. त्यात सुमारे २,७०० निर्वात नलिका होत्या, आणि स्मृती होती २,०४८ शब्दांची, प्रत्येक शब्द ४० बिटांचा. बिट म्हणजे एक किंवा शून्य, होय किंवा नाही, एवढी एकच खूण. म्हणजे ८१,९२० कड्या, प्रत्येकीत एक खूण. आमच्या भाईंदरच्या डब्यात बोटभर रुंदीच्या दोन पट्ट्या आहेत; दोहोंत मिळून ५१२ मेगाबाइट, म्हणजे ४२९ कोटींहून अधिक खुणा. टिफ्रॅकसारखी बावन्न हजार यंत्रे एकत्र आणली तरच एवढी स्मृती जमली असती. हा डबा भंगारात द्या म्हणणाऱ्यांना मी हा हिशेब आवर्जून ऐकवतो.

परंतु वैपुल्याची किंमत द्यावी लागते. कडीतली खूण वीज गेली तरी राहत असे. आजच्या पट्टीतील खूण म्हणजे एका अतिसूक्ष्म भांड्यात साठवलेला विजेचा थेंब. ही कल्पना रॉबर्ट डेनार्ड यांना आयबीएममध्ये १९६६ साली सुचली, आणि १९७० साली इंटेल कंपनीने याच जातीची १,०२४ बिटांची चिप विक्रीस आणली. भांडे इतके लहान की ते सतत गळते. म्हणून प्रत्येक ओळीतील थेंब वाचून पुन्हा भरावे लागतात. आमच्यासारख्या यंत्रांत हे काम एका सेकंदाच्या सोळाव्या हिश्शाच्या आत एकदा तरी झालेच पाहिजे. पाऱ्याच्या नळीतली घोकंपट्टी येथे नव्या रूपाने परत आली! एखाद्या भांड्याला बारीक भोक असेल तर पुन्हा भरण्याची पाळी येण्यापूर्वीच ते रिकामे होते, आणि ‘एक’चे ‘शून्य’ होऊन बसते. यंत्राला त्याची खबरही नसते. ते तितक्याच आत्मविश्वासाने खोटे सांगत राहते.

यावर उपाय काय? आपल्या पूर्वजांपुढे असाच प्रश्न होता. वेदाची अक्षरे शतकानुशतके बिनचूक राखावयाची, आणि हाताशी केवळ माणसाची स्मृती! त्यांनी पठणातच ताळा गुंफला. संहिता म्हणावयाची, पदे सुटी करून म्हणावयाची, मग क्रम, जटा आणि अखेरीस घन. घनपाठात एक-दोन, दोन-एक, एक-दोन-तीन, तीन-दोन-एक, एक-दोन-तीन असे शब्द पुढे-मागे फिरतात. एखादे पद निसटले की साखळी तुटते आणि चूक तेथल्या तेथे उघडी पडते. मजकुरापेक्षा अधिक काही तरी जवळ बाळगावे, तरच मजकूर सुरक्षित राहतो, हे त्यातले मर्म.

हेच मर्म यंत्रात कसे उतरले ते दिवाळीच्या पणत्यांनी समजावून सांगतो. ओटीवर आठ पणत्या ओळीने मांडल्या आहेत. काही पेटलेल्या, काही विझलेल्या. ही झाली आठ बिटांची एक नोंद. शेजारी नववी पणती ठेवा, आणि ती अशी पेटवा किंवा विझवा की पेटलेल्यांची एकूण संख्या विषम व्हावी. आता वाऱ्याने कोणतीही एक पणती विझली तर पेटलेल्यांची संख्या सम होईल आणि गडबड झाल्याचे लगेच कळेल. कोणती विझली ते कळणार नाही. दोन विझल्या तर मात्र संख्या पुन्हा विषम आणि आपली फसगत! ९२०२ चाही ताळा ४ येतो, तसेच हे. बेल प्रयोगशाळेतील रिचर्ड हॅमिंग यांचे काम सुटीच्या दिवशी यंत्रावर लावलेले असे. चूक आढळली की यंत्र ते टाकून पुढचे काम घेई, आणि सोमवारी त्यांच्या हाती काही लागत नसे. चूक झाली एवढे यंत्राला कळते, तर ती कोठे झाली हेही का कळू नये, असा विचार करून त्यांनी चूक स्वतःच दुरुस्त करणारी पद्धत १९५० साली प्रसिद्ध केली. त्यांच्या सुप्रसिद्ध योजनेत चार पणत्यांना तीन राखणदार पणत्या लागतात.

१९८१ साली आयबीएमचा घरगुती वापराचा संगणक बाजारात आला तेव्हा त्याच्या स्मृतीत दर आठ बिटांमागे नववा राखणदार होता. ताळा चुकला की यंत्र तेथेच थांबे. लोकांना या थांबण्याचा राग येई. पण खोटा हिशेब पुढे चालू ठेवण्यापेक्षा दुकान बंद ठेवणारा मुनीम बरा, असेच म्हणावे लागेल. पुढे १९९० नंतरच्या दशकात संगणक घरोघर जाऊ लागले, किमतीची चढाओढ सुरू झाली, आणि कारखानदारांनी विचार केला की स्मृती आता पुष्कळ भरवशाची झाली आहे. नवव्याचा पगार का भरावा? इंटेलचा १९९५ चा एक लोकप्रिय चिपसंच तर नवव्या बिटाची विचारपूसही करीत नसे. मोठ्या कचेऱ्यांच्या यंत्रांत राखणदार टिकला. घरच्या यंत्रांतून तो गुपचूप निघून गेला. आमचा २००४ चा डबा याच बिनराखणदाराच्या काळातला. त्याच्या स्मृतीत काही बिघडले तर सांगणारे कोणी नव्हते. ते शोधण्याचे काम कारखान्याकडून गृहस्थाकडे आले, आणि गृहस्थाला याची कल्पना कोणी दिली नाही.

नववा राखणदार खरोखरच अनावश्यक होता काय? १९७८ साली इंटेलच्या टिमोथी मे आणि मरी वुड्स यांनी दाखवून दिले की चिपच्या वेष्टनातील युरेनियम-थोरियमच्या अत्यल्प अंशांतून निघणारे अल्फा कण स्मृतीतील खुणा पालटतात. पुढच्याच वर्षी झीग्लर आणि लॅनफर्ड यांनी आकाशातून येणाऱ्या विश्वकिरणांकडेही बोट दाखवले. येथे मला मुंबईची पुन्हा आठवण झाली. ज्या संस्थेत टिफ्रॅक बांधले गेले तिचे संस्थापक डॉ. होमी भाभा मूळचे विश्वकिरणांचेच अभ्यासक. या किरणांच्या वर्षावाचे गणित त्यांनी हाइटलर यांच्याबरोबर १९३७ साली मांडले होते. त्यांच्या संस्थेने यंत्र बांधले, आणि त्यांचे किरण यंत्रांच्या आठवणीशी खेळतात! पुढे २००९ साली गूगलच्या हजारो यंत्रांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात वर्षाकाठी सुमारे तिसरा हिस्सा यंत्रांत स्मृतीची निदान एक तरी चूक आढळली. आणि आकाशातल्या किरणांपेक्षा पट्टीतले कायमचे दोषच अधिक जबाबदार असावेत, असे दिसून आले. म्हणजे ज्योतिष पाहण्याआधी घरची गळती पाहावी हेच खरे.

ती पाहण्याचे साधनही उपलब्ध आहे. ख्रिस ब्रॅडी यांनी १९९४ च्या सुमारास ‘मेमटेस्ट८६’ नावाची आज्ञावली लिहिली. ती सीडीवरून थेट चालते. नेहमीची विंडोज तिला लागत नाही. तिची रीत अगदी शाळामास्तरांची. प्रत्येक घरात काही तरी लिहावयाचे आणि परत वाचून पाहावयाचे. आधी सगळीकडे शून्ये, मग सगळीकडे एक. मग बुद्धिबळाच्या पटासारखे एकाआड एक. ही पटाची चाचणी थेट लोहचुंबकी कड्यांच्या काळापासून चालत आलेली आहे, कारण शेजाऱ्याच्या उलट खुणेने कमकुवत घर लवकर डळमळते. कधी एकच ‘एक’ आठही जागांवरून चालवीत न्यावयाचा. कधी लिहून बराच वेळ वाट पाहावयाची आणि मग विचारावयाचे. खोटे बोलणाऱ्याला एकच प्रश्न अनेक अंगांनी विचारला की तो सापडतो.

चाचणी रात्रभर चालू ठेवली. सकाळी पडदा चुकांनी लाल झालेला! चुका एका ठिकाणी नव्हत्या, साऱ्या स्मृतीभर विखुरलेल्या होत्या. स्टेशनजवळ दुरुस्तीचे लहानसे दुकान चालवणाऱ्या एका मुलाला हे सांगितले, तेव्हा तो म्हणाला, “काका, विखुरलेल्या असतील तर घाई करू नका. आधी रॅमला रबर मारून बघा. आपल्या इथली हवा खारी आहे.” त्याचे म्हणणे लाख मोलाचे होते. भाईंदर हे खाडीकाठचे, मिठागरांनी ओळखले जाणारे गाव. १९८५ साली येथे नगरपालिका झाली, २००२ साली महानगरपालिका. इमारती वाढल्या, पण हवा बदलली नाही. पट्टीच्या कडेला सोन्याचा जो मुलामा असतो तो इतका पातळ की खारट दमट हवा त्याच्या सूक्ष्म छिद्रांतून खालच्या धातूपर्यंत पोचते आणि संपर्कावर मळी धरते. ज्या वाऱ्याने गावाला मीठ दिले तोच वारा आमच्या यंत्राची आठवण पुसत होता.

वीज बंद करून तार काढली, अंगातली स्थिर वीज उतरावी म्हणून डब्याच्या उघड्या धातूला हात लावला, आणि दोन्ही पट्ट्या काढल्या. मऊ पांढऱ्या खोडरबराने कडा हलक्या हाताने पुसल्या, भुगा ब्रशने झाडला. जोर करू नये, नाही तर मळीबरोबर मुलामाही जातो. पट्ट्या परत बसवून चाचणी लावली. विखुरलेल्या चुका गेल्या! पण एका ठराविक पत्त्यावर, तोच एक बिट, फेरी मागून फेरी चुकत राहिला. म्हणजे रोग एक नव्हता, दोन होते. मळीच्या गलक्यात खरा आजारी लपून बसला होता.

मग एकेका पट्टीला स्वतंत्र उभे केले. पहिली पट्टी पहिल्या खाचेत: रात्रभर स्वच्छ. तीच दुसऱ्या खाचेत: स्वच्छ. म्हणजे दोन्ही खाचा निर्दोष. दुसरी पट्टी पहिल्या खाचेत: चूक. दुसऱ्या खाचेत: तीच चूक, तोच बिट. जागा बदलूनही दोष पट्टीबरोबर फिरला, तेव्हा दोष पट्टीचाच. मदरबोर्ड निरपराध सुटला. चार रात्री गेल्या, पैसा मात्र खोडरबराचा तेवढा.

एक बिट चुकला तर एवढे काय बिघडले, असे कोणी विचारील. संगणकात देवनागरी अक्षरांना क्रमांक असतात. ‘क’चा क्रमांक २३२५, ‘ग’चा २३२७. या दोहोंत फरक नेमका एका बिटाचा. तो एक थेंब पालटला की ‘काय’ची ‘गाय’ होते, ‘काळ’चा ‘गाळ’ होतो. आणि भीतीची गोष्ट अशी की, अशा यंत्रावर ठेव वाचवावी म्हणून नक्कल करावी, तर नक्कल त्याच गळक्या भांड्यांतून जाते आणि जतन करण्याच्या कृतीतच मजकूर बिघडतो. म्हणून स्मृतीचा निकाल लागेपर्यंत मी त्या यंत्रावर काहीही साठवू दिले नाही. पुढे त्याची हार्ड डिस्क काढून दुसऱ्या, तपासलेल्या यंत्राला जोडली, ओव्यांच्या दोन स्वतंत्र नकला केल्या आणि त्या एकमेकींशी ताडून पाहिल्या. अक्षरन् अक्षर जमले.

परंतु दोन नकला जुळल्या म्हणजे मूळ शुद्ध असे नव्हे. पावसाळ्याच्या आरंभी बहिणीने ती फाईल उघडून काही शीर्षके घातली होती आणि पुन्हा साठवली होती. त्या वेळी पट्टी बिघडलेली होती की नव्हती, हे कोणत्याही चाचणीने आता कळणे शक्य नव्हते. नववी पणती असती तर यंत्र तेव्हाच थांबले असते. अखेरीस बहीणच ओव्यांची छापील प्रत घेऊन बसली आणि एकेक ओवी चालीवर म्हणू लागली. दोन ठिकाणी तिचा सूर अडखळला. दोन्ही ठिकाणी ‘क’च्या जागी ‘ग’ होता. आईचा आवाज तिच्या कानात होता, म्हणून तिला ते कळले. मला कळले नसते. माझ्या मुलांना तर नाहीच नाही.

२०२० साली डीडीआर-५ जातीच्या पट्ट्यांचे मानक ठरले. त्यात चिपच्या पोटातच चुका दुरुस्त करण्याची सोय आहे, म्हणजे नववा राखणदार निम्मा तरी कामावर परत आला आहे. निम्मा अशासाठी की चिपपासून प्रोसेसरपर्यंतच्या वाटेवर त्याची नजर पोचत नाही. घरोघरच्या जुन्या डब्यांना तर तोही नाही. आणि अशा डब्यांतच आज कोणाच्या आजोबांची पत्रे आहेत, कोणाच्या लग्नाची छायाचित्रे आहेत. या दिवाळीत साफसफाई करताना त्यांच्यावरची धूळ झटकाल, तेव्हा एक रात्र त्यांच्या स्मृतीची परीक्षाही घ्यावी. आणि छायाचित्रांतली माणसे ओळखणारी, ओव्यांची चाल जाणणारी वडीलधारी मंडळी घरात आहेत तोवर, फराळ झाल्यावर त्यांना त्या डब्यासमोर बसवून एकदा सारे वाचून घ्यावे. आमची बहीण उरलेल्या ओव्यांचा ताळा पाहण्यासाठी भाऊबिजेला पुन्हा येणार आहे.